कथेतलं जर-तर आणि मागे राहिलेली पात्रं : तर्क करावा तर असा

‘कर्णानं कृष्णाचं ऐकलं असतं तर युद्धच टळलं असतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय, म्हटलंय. उद्योगपर्व उघडून पाहिलं तर या जर-तरचं उत्तर खुद्द कर्णानंच देऊन ठेवलंय. तो कृष्णाला सांगतो की माझ्या जन्माची गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळली तर तो राज्य घेणार नाही, आणि ते माझ्याकडे आलं तर मी दुर्योधनाला देऊन टाकीन. म्हणजे युद्ध टळेलही, पण दुर्योधन बसल्या जागी जिंकेल म्हणून. पांडवांच्या बाजूनं जीव टाकणाऱ्या वाचकाला हा शेवट नक्कीच नको असतो.

अशा तर्कांचं मला मनापासून वेड आहे. एखादं पात्र वेगळं वागलं असतं तर काय झालं असतं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, यावर विचार करणं हे वाचनाचंच पुढचं पाऊल आहे. पण त्यात मजा तेव्हाच येते जेव्हा उत्तर मूळ कथेकडून काढून घेतलेलं असतं. आपण प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपल्या आवडीचंच द्यायचं, यात कथा कुठे उरतच नाही. खाली दिलेली पद्धत महाकाव्याला चालते, कादंबरीला चालते, सिनेमा-मालिका-गेमलाही चालते.

पहिली पायरी : जागा निवडा

सगळ्यात मोठा प्रसंग निवडायचा मोह होतो. नायक मेला नसता तर, खलनायक जिंकला असता तर. असे प्रश्न टाळलेले बरे, कारण मोठ्या प्रसंगामागे शंभर कारणं असतात आणि एक बदललं की बाकीची नव्याण्णव कुठे ठेवायची ते कळत नाही. त्याऐवजी ज्या क्षणी एका माणसानं एक गोष्ट ठरवली तो क्षण शोधा. मग स्वतःला विचारा : त्याच्यापुढे दुसरी वाट खरोखर होती का? ती त्याला दिसत होती का? आणि ती धरणं त्याच्या स्वभावात बसतं का?

हॅरी पॉटरच्या गोष्टीत याचं सुरेख उदाहरण आहे. २००३ साली आलेल्या पाचव्या भागात कळतं की खलनायक व्होल्डेमॉर्टला हरवू शकणाऱ्या मुलाबद्दलची भविष्यवाणी दोन मुलांना लागू पडत होती, हॅरीला आणि नेव्हिल लाँगबॉटमला. व्होल्डेमॉर्टनं हॅरीला निवडलं. दुसरी वाट होती, त्याला ती दिसत होती आणि तीही त्याच्या स्वभावाला धरूनच झाली असती. म्हणजे प्रश्न चोख आहे. ‘मग नेव्हिलच्या कपाळावर व्रण आला असता आणि तो नायक झाला असता’ इथे बहुतेक जण थांबतात. पण २००७ सालचा सातवा भाग वाचताना दिसतं की हॅरी वाचला तो आईच्या बलिदानामुळे, आणि त्या बलिदानाला बळ आलं कारण तिला बाजूला होऊन जगायची संधी दिली गेली होती. ती संधी का दिली गेली? कारण व्होल्डेमॉर्टच्याच गोटातल्या स्नेपनं तिच्यासाठी रदबदली केली होती. नेव्हिलच्या आईसाठी शब्द टाकणारं त्या गोटात कुणीच दिसत नाही. तेव्हा व्होल्डेमॉर्ट लाँगबॉटमांच्या घरी गेला असता तर बहुधा मूलही गेलं असतं आणि निवडलेला मुलगा अशी गोष्टच उरली नसती. एका प्रश्नाचं उत्तर दोन भाग पुढे, भलत्याच माणसाच्या आठवणीत दडलेलं असतं ते असं.

निर्णयाखेरीज आणखी दोन जागा हाती लागतात. एक म्हणजे मौन : पात्र हजर आहे, पण बोलत नाही, किंवा एकदाच बोलून कायमचं गप्प होतं. दुसरी म्हणजे विसंगती, आणि ती जपून हाताळावी लागते. शेरलॉक होम्सचा सोबती वॉटसन १८८७च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला गोळी लागल्याचं सांगतो, १८९० साली आलेल्या दुसरीत जखम पायाला आहे. १८९१च्या एका कथेत त्याची बायको त्याला ‘जेम्स’ म्हणते, नाव तर जॉन एच. वॉटसन. कॉनन डॉयलचं अवधान सुटलं, हे सरळ उत्तर. पण रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी तर्क मांडला की मधला ‘एच’ म्हणजे हॅमिश, हे जेम्सचं स्कॉटिश रूप, आणि बायको त्या मधल्या नावानं लाडानं हाक मारत असणार. मला हा तर्क अतिशय आवडतो. त्यात नवीन माणूस नाही, नवीन घटना नाही. छापील मजकुरातली दोन न जुळणारी टोकं एका अक्षरानं जोडलीत. विसंगतीवर इमारत बांधायची तर ती एवढीच हलकी असावी.

दुसरी पायरी : कुठली आवृत्ती, ते आधी सांगा

ही छोटी पायरी आहे, पण निम्मे वाद इथेच मिटतात. महाभारताच्या पोथ्यापोथ्यांत फरक आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती त्यासाठीच. टीव्हीवर पाहिलेला प्रसंग त्यात असेलच असं नाही. तीच गोष्ट कादंबरी आणि तिच्यावरच्या सिनेमाची, किंवा गेम आणि त्याच्या नव्या रूपाची. पहिल्याच ओळीत ‘मी अमुक आवृत्ती धरून बोलतोय’ असं लिहा. लेखकानं मुलाखतीत सांगितलेली गोष्ट पुरावा मानायची की नाही, तेही तिथेच ठरवून टाका. माझं मत विचाराल तर मुलाखत हा दुय्यम पुरावा. पानावर उलट लिहिलं असेल तर पान खरं.

तिसरी पायरी : पुरावे गोळा करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा : कथेत स्पष्ट लिहिलेलं, त्यावरून निघणारं आणि माझ्या मनातलं. प्रत्येक नोंद यांतल्या एकाच रकान्यात जाऊ द्या. तिसरा रकाना पहिल्या दोहोंपेक्षा लांब झाला तर तुम्ही तर्क करत नाही आहात, नवी कथा लिहिताय. तेही छान काम आहे, फक्त त्याला फॅन फिक्शन म्हणा, थिअरी म्हणू नका.

प्रत्यक्ष करून पाहू. पात्र घेऊ विकर्ण, धृतराष्ट्राच्या शंभर मुलांपैकी एक. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते, भीष्म-द्रोणांसारखे ज्येष्ठ बसलेले असतात आणि उघडपणे तिची बाजू घेऊन उभा राहतो तो हा कौरव. त्याचा युक्तिवाद नेमका आहे : शिकार, मद्य, जुगार आणि अति विषयासक्ती ही राजांची चार व्यसनं, त्यांत बुडालेल्या माणसाचं कृत्य धरायचं नसतं, द्रौपदी पाचही जणांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, आणि तिला पणाला लावायचं शकुनीनं सुचवलं. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. सभेत त्याची वाहवा होते. मग कर्ण उठतो आणि पोरकट म्हणून त्याला झिडकारतो. विकर्णाचा मुद्दा तिथेच विरतो.

हे सगळं पहिल्या रकान्यात. त्याच रकान्यात पुढचंही येतं : युद्धात विकर्ण दुर्योधनाच्या बाजूनं उभा राहतो आणि भीमाच्या हातून मरतो. भीम त्याच्यासाठी हळहळतो. प्रतिज्ञा पाळायची म्हणून तुला मारावं लागलं, असं म्हणतो.

आता उलट बाजूचा पुरावाही शोधा. हे काम बहुतेक जण करत नाहीत. विकर्ण मनानं पांडवांकडे होता असं म्हणायला जीभ सळसळते. पण गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन आपले खंदे वीर मोजतो तेव्हा ‘अश्वत्थामा विकर्णश्च’ असं नाव घेतो. ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव कुणी असं पुढे करत नाही. सभेत विरोध करूनही दुर्योधनाच्या लेखी तो आपला होता. ही नोंद गैरसोयीची आहे, म्हणूनच ती ठळक अक्षरात लिहा.

चौथी पायरी : एकच गोष्ट बदला

भीष्मपर्वात युद्ध सुरू व्हायच्या आधी युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो : कुणाला आमच्याकडे यायचंय? धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला युयुत्सु पुढे येतो आणि बाजू बदलतो. आपला प्रश्न असा : त्या हाकेला विकर्णानंही ओ दिली असती तर?

बदल एवढाच. सभेतलं भाषण तेच, दुर्योधनाचा स्वभाव तोच, दोन्हीकडचं सैन्य तेच. विकर्ण गेला म्हणून आणखी दहा भाऊ गेले असते, भीष्मांचं मन पालटलं असतं, असं परस्पर जोडू नका. दुसरा बदल हवा असेल तर तो पहिल्यातून निघाला पाहिजे, आणि कसा निघाला ते लिहून दाखवता आलं पाहिजे. मी एक साधी कसोटी वापरतो : बदल एका वाक्यात, ‘आणि’ न घालता, सांगता येतोय का?

पाचवी पायरी : परिणाम जवळून लांब असे काढा

सुरुवात त्याच तासापासून करा. युयुत्सु गेला तेव्हा ‘तो तसाही आपला नव्हताच’ असं म्हणून कौरवांना ते पचवता येण्यासारखं होतं. गांधारीच्या पोटचा मुलगा, तोही नुकताच नाव घेतलेला वीर, रथ वळवून निघाला तर तसं म्हणता येणार नाही. हे अनुमान आहे, दुसऱ्या रकान्यातलं, तसंच लिहा.

मग जे बदलत नाही ते मांडा. अकरा अक्षौहिणी विरुद्ध सात, हा हिशेब एका रथानं हलत नाही. भीष्म तसेच पडतील, अभिमन्यू तसाच मरेल. जर-तर लिहिणाऱ्यानं हा परिच्छेद टाळू नये. ‘इथे काही फरक पडत नाही’ असं तुम्ही दोनदा कबूल केलंत की तिसऱ्या वेळी ‘इथे मात्र पडतो’ म्हणताना वाचक तुमचं ऐकतो.

फरक पडतो तो युद्धानंतर. स्त्रीपर्वात गांधारी भीमाला विचारते की ज्याचा अपराध कमी होता असा एक तरी मुलगा आम्हा म्हाताऱ्यांसाठी का ठेवला नाहीस? त्या प्रश्नाला सगळ्यात नीट बसणारं नाव विकर्णाचंच आहे. तो पांडवांच्या छावणीत असता तर भीमाच्या प्रतिज्ञेचाही पेच झाला असता : शंभर मारायचे म्हटलेल्यानं आपल्याच बाजूला आलेल्याचं काय करायचं? एखादा दृश्यप्रसंग लिहायचा असेल तर तो इथे आहे, पहिल्या रात्री त्या दोघांच्या भेटीत.

पण सावध राहा. इथून पुढे ‘मग गांधारीनं कृष्णाला शाप दिला नसता आणि यादव वाचले असते’ अशी उडी घेणं फार सोपं आहे. मूळात पाहा. कृष्णावर तिचा राग यासाठी आहे की सामर्थ्य असून त्यानं हा विनाश होऊ दिला. एक मुलगा वाचल्यानं ते कारण पुसलं जात नाही. तेव्हा शाप राहतो आणि छत्तिसाव्या वर्षी यादवांचा नाशही राहतो. मोहात पाडणारा परिणाम सोडून द्यावा लागला तर सोडा. तर्काला वजन त्यातूनच येतं.

शेवटचं, सगळ्यात लांबचं वर्तुळ. मूळ कथेत पांडव निघून जाताना परिक्षिताला गादीवर बसवतात आणि राज्याची देखरेख युयुत्सुकडे सोपवतात. आता त्या जागी विकर्ण जिवंत आहे असं समजा. तो राजपत्नीचा मुलगा आहे, धृतराष्ट्राचा वारस आहे, आणि न्यायाच्या बाजूनं लढल्याचा मानही त्याच्याकडे आहे. त्याला मुलं असतील तर पुढच्या पिढीत पुन्हा दोन शाखा आणि एक गादी. भल्या माणसाच्या भल्या निर्णयातून तोच जुना तंटा परत उगवू शकतो. मला या जर-तरमधली ही सगळ्यात मोलाची जागा वाटते, कारण ती मनाला हवीशी नाही आणि तरी कथेच्या तर्काला धरून आहे.

सहावी पायरी : मागे राहिलेल्या पात्राला माणूस करा

एखादं पात्र उपेक्षित आहे, एवढ्यानं ते निवडू नका. त्यानं कथेत काही खूण सोडली आहे का ते बघा : एक वाक्य, एक कृती, इतरांनी त्याच्याबद्दल काढलेला एक उद्गार. खूणच नसेल तर तुम्हाला बोलायला फक्त स्वतःचा आवाज उरतो.

खूण सापडली की त्या पात्राचं वेळापत्रक करा. कथा दुसरीकडे असते तेव्हा हा माणूस कुठे असतो? त्याला काय माहीत आहे, आणि ते कधी कळलं? वाचकाला सगळं ठाऊक असतं, त्याला नसतं. निम्म्या थिअरी इथेच कोसळतात, कारण पात्र असं काहीतरी ठरवतं जे ठरवण्याइतकी माहिती त्याच्याजवळ त्या दिवशी नसते. टॉम स्टॉपर्ड यांनी १९६६ साली हॅम्लेटच्या दोन किरकोळ मित्रांना घेऊन आख्खं नाटक उभं केलं ते याच अज्ञानावर. मूळ नाटकात त्यांच्या मरणाची बातमी फक्त एका वाक्यात येते. इथे ते दोघं आपल्याला कशासाठी बोलावलंय हेच शोधत बसतात, आणि शेवट काही बदलत नाही. जीन ऱ्हिस यांनी त्याच वर्षी वेगळी वाट घेतली. १८४७ सालच्या ‘जेन आयर’मध्ये माळ्यावर कोंडलेली वेडी बायको त्यांनी उचलली आणि ती तिथवर कशी पोचली ते लिहिलं. दोघांनीही मूळ ओळीला धक्का लावला नाही, आणि मूळ वाचताना आता ती ओळ पूर्वीसारखी वाचता येत नाही.

इथे एक मोठा धोका आहे. प्रेमापोटी आपण त्या पात्राला सगळ्यात शहाणं, सगळ्यात शूर, सगळ्यांचं लाडकं करून टाकतो. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांसाठीच्या एका मासिकात अशा कथांचं विडंबन लिहिलं; त्यातली नायिका साडेपंधरा वर्षांची, ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट. तिचं नाव मेरी सू, आणि अशा निर्दोष पात्राला आजही सगळीकडे तेच नाव आहे. उपाय एकच : त्या पात्राला निर्णयाची किंमत मोजायला लावा. विकर्ण बाजू बदलतो तर त्याच्या नव्याण्णव भावांची प्रेतं त्याला ओळखावी लागतील. त्यांतली काही त्याच्याच बाणांनी पडलेली असतील. हे लिहायची तयारी नसेल तर त्याला कौरवांकडेच राहू द्या.

सातवी पायरी : मांडणी

लिहिताना क्रम असा ठेवा : आवृत्ती, बदल, पुरावे, विरुद्ध पुरावा, परिणाम. ताज्या कथेबद्दल लिहीत असाल तर वर स्पॉयलरची सूचना हवीच. ‘नक्की’, ‘उघडच आहे’, ‘लेखकाला हेच म्हणायचं होतं’ हे शब्द काढून टाका आणि त्या जागी अवतरण द्या, प्रकरण किंवा भाग सांगा.

मराठीत या मांडणीचा उत्तम नमुना हवा असेल तर इरावती कर्व्यांचा ‘युगान्त’ (१९६७) काढा. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, हा तर्क त्या कसा रचतात ते पाहा : दोघांचं यमधर्माशी नातं, नियोगाची (नवऱ्याखेरीज नेमलेल्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची) रीत, आणि विदुराचं शेवटी युधिष्ठिरात विलीन होणं. प्रत्येक धागा मूळातला आहे, आणि हे अनुमान आहे याचं भानही त्यांनी सोडलेलं नाही. पटो न पटो, तो लेख वाचल्यावर आश्रमवासिकपर्वातला विदुराच्या मृत्यूचा प्रसंग पुन्हा उघडून बघावासा वाटतोच.

लिहून झालं की दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग फक्त तो प्रसंग मूळातून पुन्हा वाचा, स्वतःचं टिपण न बघता. तर्काला छेद देणारी ओळ बहुतेक वेळा याच वाचनात सापडते. तुमच्याआधी दुसऱ्या कुणी ती दाखवून दिली तर आभार माना, ती ओळ पहिल्या रकान्यात घाला आणि परिणाम त्या जागेपासून पुन्हा काढा. जुना मजकूर पुसू नका. तारीख घालून खाली ठेवा, म्हणजे तर्क कुठे वळला ते पुढच्या वाचकाला दिसेल.